जबाब होईपर्यंत आपण मुके

मथुरा सिस्टर पेपर शेवटच्या पानाकडून वाचायच्या. पहिल्या पानावर मंत्री असतात, ते आपले आपण ठीक असतात, असं त्या म्हणायच्या. त्यांना हव्या असायच्या आतल्या पानांवरच्या चार-चार ओळींच्या बातम्या. विहिरीत पडून मृत्यू, भाजून मृत्यू, अमुक गावात उलट्या-जुलाबाची लागण. अशी बातमी सापडली की पेपराची चौघडी करून त्या सरळ त्या पेपरच्या ऑफिसात जायच्या.

आमच्या ऑफिसच्या दारात त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा ड्यूटीवरूनच आल्या होत्या. पांढरी साडी, पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात आमचाच पेपर.

"ह्ये कोणी लिहिलं?"

संपादक साहेबांनी माझ्याकडं बघितलं. छपाईचे खिळे जुळवणारे दोघंही हात थांबवून माझ्याकडंच बघायला लागले. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि कॉलेज सुटल्यावर तिथं मुद्रितं तपासायची आणि पोलिसांकडून आलेल्या कागदावरून छोट्या बातम्या लिहायची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणीच गेलेलं नव्हतं. आपण लिहिलेल्या चार ओळी छापून येतात याचंच मला नवल वाटायचं.

"मी," मी म्हणाले.

"तू? वाच बरं मोठ्यानं."

मी वाचलं. दुपारी तीनच्या सुमारास स्वयंपाक करीत असताना स्टोव्हचा भडका उडून विवाहिता गंभीर भाजली. उपचारादरम्यान तिचा मृत्यू झाला.

"तीन वाजता काय शिजत होतं?"

मी त्या ओळी परत बघितल्या.

"सांग की. भाकरी? कालवण? शेतकऱ्याच्या घरात दुपारी तीनला कोण स्वयंपाक करून राहिलं?"

"पोलिसांनी सांगितलं तसं लिहिलं."

"पोलिसाला कोणी सांगितलं?"

"घरच्यांनी."

"घरच्यांनी पोलिसाला, पोलिसानं तुला, तू समद्या जिल्ह्याला. मधी कुणी कुणाला काहीच इचारलं न्हाई. पाटातल्या पाण्यासारखं आलं तसं पुढं सोडलं."

संपादक साहेब हसून म्हणाले, "बाई, आमच्याकडं चारच ओळींची जागा असते."

"बाई जळाली साहेब. तिला जागा पुरली न्हाई का?"

जाताना त्यांनी माझा रविवार मागून घेतला.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. नवं कलेक्टर ऑफिस, नव्या पाट्या, आणि जिल्हा झाला म्हणून निघालेले नवे पेपर. पाऊस मात्र दोन वर्षं नव्हता. गल्लीत टँकर यायचा आणि मुरुडकडं आमच्या गावी माझे आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मथुरा सिस्टर मूळच्या नांदेड जिल्ह्यातल्या, धर्माबादच्या बाजूच्या. बदली होऊन लातूरच्या मोठ्या दवाखान्यात आल्या होत्या आणि भाजलेल्या बायकांच्या वॉर्डात काम करायच्या. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

रविवारी सकाळी, टँकर येऊन गेला की, त्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात आमचा वर्ग भरायचा. आम्ही पाच-सहा जण असायचो. बाकीचे तालुक्याचे वार्ताहर. म्हणजे खरं तर कुणी मास्तर, कुणी खत-बियाणाचा दुकानदार. देवणीचे उत्तमराव शिंपी होते. शिलाई मशीनवर कपडे शिवता शिवता बातमी लिहायची आणि लखोटा एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती द्यायचा, अशी त्यांची पद्धत. या लोकांना सिस्टर नर्सच्या भाषेत शिकवायच्या.

"मी तिचे कपडे कापून काढते. स्टोव्ह भडकला तर पोटाला लागतं, हाताला लागतं. डोक्याचे केस रॉकेलनं ओले कसे होतात?"

"मग खून लिहायचं का?" उत्तमरावांनी विचारलं.

"तुम्ही डॉक्टर हाव का जज्ज? लिहायचं, घरच्यांनी असं सांगितलं. एवढंच. त्यांचं म्हणणं त्यांच्या तोंडी ठेवा. तुमच्या तोंडात घेऊ नका."

नाव लिहायचं नाही, गावही लिहायचं नाही. "गावात जळालेली एकच असते. गाव लिहिलं म्हणजे नावच लिहिलं." चारित्र्याच्या संशयावरून, हे शब्द कुणी लिहिले तर त्या चहाचा कप खाली ठेवायच्या. "संशय कोणाला होता? नवऱ्याला. मग त्याच्या कपाळाला लावा. मेलेल्या बाईच्या नावापुढं का लावता?" आणि सगळ्यात मोठा नियम, जो दर रविवारी आमच्याकडून वदवून घ्यायच्या: जबाब होईपर्यंत आपण मुके. भाजलेली बाई बोलत असेल तर तिचा जबाब नायब तहसीलदार येऊन लिहून घेतात. तिच्यानंतर तिच्या बाजूनं तेवढाच एक कागद उरतो. तो कागद होईस्तोवर तिच्याबद्दल एक अक्षर छापायचं नाही.

"असं धरलं तर सिस्टर, पेपर कोराच काढावा लागंल," उत्तमराव म्हणाले.

"काढा. पुड्या बांधायला बरा पडंल."

उत्तमराव सगळ्यांत जास्त हसले. ते हसायचे, पण पुढच्या रविवारी परत यायचे.

एकदा त्यांचीच बातमी आली होती की देवणीजवळच्या एका गावात बौद्ध वस्तीत अस्वच्छतेमुळे गॅस्ट्रो पसरला. सिस्टर आम्हा सगळ्यांना घेऊन एस.टी.नं तिकडं गेल्या. टँकरचं पाणी वस्तीच्या विहिरीत ओतलेलं होतं आणि बायका तेच शेंदून नेत होत्या. आमच्या घरांसारखीच घरं होती, सारवलेली, भांडी घासून पालथी घातलेली. सिस्टरनी पिशवीतून एक काचेची नळी आणि औषधाची बाटली काढली.

"पाण्यात औषध टाकलेलं असंल तर ह्ये पिवळं व्हतं. बगा उत्तमराव, तुम्हीच टाका थेंब."

उत्तमरावांनी थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं राहिलं. मग सिस्टर आम्हाला ग्रामपंचायतीत घेऊन गेल्या. ग्रामसेवक एका पोत्यावर बसून काहीतरी लिहीत होते. सिस्टरनी पोत्यावरची अक्षरं वाचली.

"उठा भाऊसाहेब. विहिरीचं औषध हाय ह्ये. तुम्ही त्याच्यावर बसून राहिलात."

ते पोतं शिवलेलंच होतं. ब्लीचिंग पावडरचा वाससुद्धा बाहेर आला नव्हता. परतीच्या गाडीत सिस्टर उत्तमरावांना म्हणाल्या, "आता लिहा. अस्वच्छता न्हाई. औषध टाकलं न्हाई, असं लिहा. दोन्हीत लई फरक हाय. एकात मेलेल्याची चूक हाय, दुसऱ्यात जित्याची." उत्तमरावांनी लिहिलं, आणि त्या विहिरीत पावडर पडली.

मला वाटतं त्या दिवसापासून मी स्वतःला त्यांची शिष्या समजायला लागले. आपण आता चुकणार नाही, असं वाटायला लागलं.

त्यानंतर दीडेक महिन्यानं एका संध्याकाळी संपादक साहेबांनी मला बोलावलं. देवणीकडची एक विवाहिता भाजून दाखल झाली होती. सासरचे लोक तिला सोडून, स्टोव्ह भडकला असं हवालदाराला सांगून गावी परतले होते. ती बोलत नव्हती. पण तिची आई आली आणि आईला बघून ती बोलायला लागली होती.

"बायकांचा वॉर्ड आहे. आमच्या माणसाला कुणी सोडत नाही," साहेब म्हणाले. "तुझी तिथं ओळख आहे. बातमी आणलीस तर पहिलं पान, आणि वर तुझं नाव."

मी हो म्हणाले. हे मी कुणाच्या गळ्यात घालू शकत नाही.

सिस्टर त्या दिवशी नांदेडला भावाकडं गेल्या होत्या. वॉर्डाच्या दारावर नवी नर्स होती. ती म्हणाली, "आत सोडायची ऑर्डर नाही." मी म्हणाले, "मथुरा सिस्टरनी पाठवलंय." तिनं दार उघडलं.

तिचं नाव मी तेव्हाही लिहिलं नाही आणि आजही लिहिणार नाही. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. आई उशाशी बसून कापसाच्या बोळ्यानं तिच्या ओठांना पाणी लावत होती. मी विचारलं आणि ती बोलली. दिरानं हात धरले, नवऱ्यानं रॉकेल ओतलं. दोन वर्षांची मुलगी दारात उभी होती, असं तिनं दोनदा सांगितलं. जबाब झालाय का, असं मी बाहेर आल्यावर नर्सला विचारलं. ती म्हणाली, नायब तहसीलदार दुष्काळी कामांच्या पाहणीवर लांब गेलेत, उद्या अकराला येणार.

म्हणजे मला माहीत होतं. नियम पाठ होता. पण ऑफिसात येईपर्यंत मी मनाशी ठरवलं की छापून आलं तर उलट बरंच होईल, मग कुणाला दाबता येणार नाही. आणि खरं सांगायचं तर वर माझं नाव येणार होतं. मी नाव लिहिलं नाही, गाव लिहिलं नाही, तिची जात लिहिली नाही. सिस्टरनी शिकवलेलं सगळं पाळलं, एक सोडून. मथळा साहेबांनी दिला: 'स्टोव्ह नव्हे, मला पेटवलं!'

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं पेपरचा गठ्ठा देवणीला गेला. साडेदहाला सासरा आणि नणंद जीपमधून दवाखान्यात आले. त्यांनी त्या दोन वर्षांच्या मुलीला बरोबर आणलं होतं. वॉर्डात काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही. आईला बाहेर काढलं होतं. अकराला नायब तहसीलदार आले तेव्हा नणंद मुलीला कडेवर घेऊन दारात उभी होती आणि भाजलेल्या बाईनं जबाब दिला की स्टोव्हचा भडका उडाला, कुणावर संशय नाही. दोन्ही हातांचे अंगठे भाजले होते म्हणून डाव्या पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला.

सिस्टरनी बसस्टँडवरच पेपर घेतला होता. त्या धावत आल्या, पण तोपर्यंत कागद झाला होता. त्यांनी शिपाई पाठवून मला कॉलेजातून बोलावून घेतलं. वॉर्डाबाहेरच्या बोळात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, त्या माझ्यावर ओरडल्या. त्यांना चिडलेलं मी दर रविवारी बघितलं होतं, पण हे वेगळं होतं. आवाज फाटत होता.

"माझं नाव घेऊन शिरलीस?"

"हो."

"एक रात! एक रात कळ काढायची व्हती फक्त. माझ्या माघारी एवढं बी झालं न्हाई तुझ्याच्यानं?"

"मला वाटलं, छापलं तर तिला..."

"तुला वाटलं! समद्यांनाच काही ना काही वाटून राहिलंय. तिला काय वाटंल ह्ये कोणाला वाटलं?"

मी रडायला लागले. "रडू नको," त्या म्हणाल्या. "रडायचा हक तुझा न्हाई. त्या बाकावर तिची माय बसली हाय. तिच्यापशी जाऊन बस."

मी बसले. आई म्हणजे पन्नाशीची, उन्हानं काळवंडलेली बाई. माझ्या पिशवीतून पेपर बाहेर आला होता तो तिनं बघितला.

"तूच का गं काल आल्ती ती? वाच बरं काय लिवलंस."

मी वाचलं. संपूर्ण वाचलं, मथळ्यासकट.

"समदं खरं लिवलंस," ती म्हणाली. "आस्संच बोलली ती. मग साहेबाम्होरं खोटं का बोलली?"

तिला खरंच कळलं नव्हतं. मी तिला सांगितलं. पेपर सकाळी गावात गेला, त्यांनी वाचला, म्हणून ते मुलीला घेऊन आले. मी लिहिलं नसतं तर ते आले नसते.

"मी तिच्या उशालाच व्हते की गं," ती म्हणाली. "छापू का म्हणून एकदा मला इचारायचं."

त्या आईची ती लेक तिसऱ्या दिवशी वारली. आमच्या पेपरनं दुसऱ्याच दिवशी छापलं होतं, 'स्टोव्हचाच भडका! विवाहितेचा जबाब'. ते संपादक साहेबांनी स्वतः लिहिलं होतं. ते म्हणाले, "काल ती बाजू दिली, आज ही दिली. झालं." दोन्ही दिवशी अंक संपला होता. मी त्याच दिवशी नोकरी सोडली असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी महिनाभर तिथं जात राहिले. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

वॉर्डात पेपरवाली शिरली कशी म्हणून सिस्टरना लेखी खुलासा मागितला गेला. त्यांनी एकच वाक्य लिहिलं: माझे नाव सांगून आत आली, व तिला मीच शिकवले होते. त्यांची बदली किनवटला झाली. व्हरांड्यातला वर्ग संपला. जाण्याच्या आदल्या दिवशी मी क्वार्टरवर गेले तेव्हा त्या पेटीला दोरी बांधत होत्या. मी माफी मागितली.

"माफी माझ्यापशी न्हाई. माझ्यापशी काम हाय. त्या माऊलीनं तक्रार लावून धरलीय. तिचं कोण ऐकतं? माय हाय ती, लेकीच्या बाजूनंच बोलणार म्हणत्यात. तू परकी हायस. तू ऐकलंस तिच्या तोंडून. कोर्टात उभी र्‍हा."

घरी वडील घाबरले. ते लोक जमीनजुमलेवाले, आणि आपण कोण, असं ते म्हणाले. मग दोन दिवसांनी स्वतःच म्हणाले, "जा. पर नीट बोल."

केस उभी राहायला दीड वर्ष लागलं. साक्षीच्या दिवशी मी सगळं नीट सांगितलं. मग त्यांचे वकील उठले. आवाज अगदी गोड होता.

"बाहेरच्यांना वॉर्डात बंदी होती ना ताई?"

"होती."

"मग काय सांगून गेलात?"

"मथुरा सिस्टरनी पाठवलंय, असं."

"पाठवलं होतं त्यांनी?"

"नाही."

"म्हणजे खोटं बोललात."

"हो."

"बातमीसाठी." त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. "आणि आज मात्र खरं बोलताय."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. पुढं निकालात माझ्याबद्दल लिहिलं गेलं की ही साक्षीदार विश्वासार्ह वाटत नाही. नवरा आणि दीर दोघंही सुटले. सुटलेले ते दोघं, हसणारा तो माणूस, दोन्ही बाजू छापणारे साहेब, या सगळ्यांचा मला आजही तेवढाच राग येतो. पण निकालातल्या त्या ओळीचा राग करायला मला जागा नाही. वॉर्डाच्या दारातून आत शिरायला वापरलेलं ते खोटं माझंच होतं.

मथुरा सिस्टर गेल्या वर्षी नांदेडला वारल्या. मला त्यांची आठवण येते ती निकालाच्या दिवसाची.

त्या दिवशी किनवटहून रजा काढून त्या आल्या होत्या. निकालानंतर कोर्टाच्या आवारात पेढे वाटले गेले. सासऱ्यानं नातीलाही आणलं होतं, नवं परकर-पोलकं घालून, लेकराचं कसं छान चाललंय ते दिसावं म्हणून. आई लांब लिंबाखाली उभी होती. लेक गेल्यापासून तिला नातीच्या अंगाला हात लावू दिला नव्हता. "एकदा बघू द्या," असं ती म्हणाली, पण तोवर सगळे जीपमध्ये बसले होते. ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

सिस्टर गेल्या आणि जीपसमोर उभ्या राहिल्या.

"पाटील, लेकराला खाली उतरवा."

"बाजूला व्हा बाई."

"आजीपशी द्या. मग जावा."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पोलीस आला. "बाई, गाडीखाली याल," तो म्हणाला.

"येऊ द्या. भाजलेल्या लई बगितल्या, चेंगरलेली एक हिला बी बगू दे," असं म्हणत त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ही लिहून काढंल. आता नीट लिहिती ती."

माणसं जमली. पेढे खाणारेही जमले. इतक्या लोकांसमोर सासऱ्याला काय करावं कळेना. शेवटी तो म्हणाला, "दहा मिनटं. वर एक मिनिट न्हाई."

"हाव. दहा मिनटं," सिस्टर म्हणाल्या आणि छातीवर टाचणीनं अडकवलेलं नर्सचं घड्याळ हातात धरलं.

मुलगी आजीला ओळखत नव्हती. आधी ती रडली. आजीनं तिला उचललं नाही, खाली बसली, तिच्या चपला काढून पाय आपल्या मांडीवर घेतले आणि एकेक बोट मोजल्यासारखं चोळायला लागली. मुलगी हळूहळू गप्प झाली. मग तिनं आजीच्या कानातलं धरलं. आजी काही बोलत नव्हती. नातीच्या डोक्याचा वास घेत होती.

मी माझ्या हातातल्या घड्याळात बघत होते. दहा मिनिटं झाली. बारा झाली. जीपजवळ सासरा येरझाऱ्या घालत होता. पंधरा मिनिटं होऊन गेल्यावर तो ओरडला, "बाई, झाली की दहा मिनटं!"

पेपरातल्या एका शब्दासाठी ऑफिसात येऊन भांडणाऱ्या मथुरा सिस्टरनी घड्याळ उचलून डोळ्यांजवळ नेलं, नीट बघितलं, आणि म्हणाल्या,

"न्हाई झाली अजून."